एटीव्हीत इंजिन बदललं की लागणारं ‘फुल वायरिंग किट’: घ्यावं का, आणि त्यातलं काय वापरावं

चिनी बनावटीच्या ११० सीसी एटीव्हीचं (वाळूत, कच्च्या वाटेवर फिरणाऱ्या जाड टायरांच्या चारचाकी उघड्या गाडीचं) इंजिन जाम झालं की ते खोलून बोअर करण्यापेक्षा त्याच जागी बसणारं १२५ सीसीचं आडवं इंजिन टाकणं पुष्कळदा सोयीचं पडतं. माउंटिंगचे बोल्ट जुळतात, चेन जुळते, सायलेन्सरचा बेंडही थोड्या ओढाताणीनं बसतो. गाडी अडते ती वायरिंगवर. जुनं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, तोवर दहा ठिकाणी कापून, पिळून, काळी टेप गुंडाळून चालवलेलं असतं आणि नव्या इंजिनातून बाहेर आलेल्या कपलरचा (वायरींच्या प्लास्टिक जोडाचा) त्याच्याशी मेळ बसत नाही. अशा वेळी ऑनलाइन मिळणारं, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा शिक्का नसलेलं ‘५० ते १२५ सीसी फुल वायरिंग किट’ समोर येतं. हे परीक्षण त्याचं आहे.

निकाल आधीच सांगतो. किट घ्यावं. सीडीआय (ठिणगीसाठी साठवलेली वीज नेमक्या वेळी सोडणारा डबा), एचटी कॉइल (ती वीज उच्च दाबाची करून प्लगला देणारी), किल स्विच (इंजिन बंद करणारा) आणि हार्नेस हे सगळं एकाच पद्धतीचं, एकमेकांशी जुळणारं हाती येतं, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. बॅटरीच्या जाड वायरी आणि फ्यूज होल्डर मात्र पहिल्याच दिवशी बदलावेत, आणि चावीचा स्विच तपासल्याशिवाय लावू नये. जुन्या हार्नेसचा अर्धा भाग ठेवून त्याला किटचा अर्धा भाग जोडायचा बेत असेल, तर किटच्या वाटेला जाऊ नये. अशा जोडाजोडीत पहिला बळी सीडीआयचा जातो.

खोक्यात साधारण हे निघतं: मुख्य हार्नेस, पाच पिनांचा एसी सीडीआय, एचटी कॉइल आणि प्लग कॅप, चार वायरींचं आरआर युनिट (इंजिनातून येणारी वीज बॅटरीजोगी करणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर), स्टार्टर रिले (सेल्फच्या मोटरला बॅटरीचा करंट जोडणारा), दोन चाव्यांसकट इग्निशन स्विच, डाव्या हँडलवरचा स्विच, ज्यात दिवा, सेल्फ आणि किल ही तिन्ही बटणं असतात, आणि एक स्पार्क प्लग. काही विक्रेते मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनावरच्या छोट्या जनित्राची, कॉइल प्लेटही देतात. नकाशा किंवा माहितीपत्रक बहुधा नसतंच. म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्या न मिळालेल्या माहितीपत्रकाची जागा भरून काढण्यासाठी आहे.

आधी इंजिनावरचा नंबर वाचा

क्रँककेसवर डाव्या बाजूला खाली कोरलेला नंबर असतो. त्यावरची घाण रॉकेलनं पुसून तो वाचायचा. जुन्या ११० सीसीवर बहुधा १५२एफएमएच असतं आणि नव्या १२५ सीसीवर १५२एफएमआय. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), शेवटचं अक्षर क्षमतेचा गट सांगतं. दोन्हींचा बोअर ५२.४ मिमीच, ११० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ आणि १२५ चा ५५.५ मिमी. म्हणजे फरक क्रँकच्या फेकीत आहे. वायरिंगच्या दृष्टीनं दोन्ही भावंडंच आहेत आणि हे किट दोघांनाही चालतं.

नंबर १६२एफएमजे किंवा १६३एफएमएल निघाला, तर ते उभ्या सिलिंडरचं १५० किंवा २०० सीसीचं इंजिन आहे. १५७क्यूएमजे निघाला तर स्कूटरसारखं बेल्टवर चालणारं जीवाय६. त्यांची किटं वेगळी. जीवाय६ च्या सीडीआयला तर एकाऐवजी दोन कपलर असतात, एक चार पिनांचा आणि एक दोन पिनांचा. बजाज पल्सरचं डीटीएस-आय इंजिन बसवलं असेल, तर त्याला दोन प्लग आणि दोन एचटी कॉइल लागतात. तिथे त्याच मोटारसायकलचं हार्नेस, सीडीआय आणि चावी आणून लावणं हाच खात्रीचा मार्ग. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक), सेन्सर आणि पंप सगळंच, इंजिन ज्या गाडीचं तिच्यातूनच यावं लागतं.

नंबर वाचताना आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी: सेल्फची मोटर इंजिनाच्या वर आहे की खाली. आडव्या इंजिनांत दोन्ही प्रकार येतात. जुन्याची खाली आणि नव्याची वर असेल, तर रिलेपासून मोटरपर्यंतची जाड वायर एकतर पुरत नाही, नाहीतर लोंबकळून सायलेन्सरवर टेकते.

एसी की डीसी, या एका प्रश्नावर सगळं ठरतं

वायरिंगची निम्मी प्रकरणं इथेच बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर.

एसी सीडीआयला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटोच्या कॉइल प्लेटवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातलेली, बहुतेकदा टेपनं झाकलेली एक कॉइल असते. ती शंभर व्होल्टच्या वरचा एसी करंट तयार करते, त्यावर सीडीआयच्या आतला कपॅसिटर भरतो, आणि फ्लायव्हीलचा (कॉइल प्लेटभोवती फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकाचा) उंचवटा पल्सर कॉइलसमोरून (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉइल; बजाजच्या पल्सरशी तिचा संबंध नाही) गेला की तो साठा एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये सोडला जातो. डीसी सीडीआय हेच काम बॅटरीचे १२ व्होल्ट आत वाढवून करतो. त्याला ती खास कॉइल लागत नाही, पण बॅटरी उतरली की प्लगचा करंटही गेला.

इंजिन बंद करण्याची रीत दोघांची उलटी आहे. डीसीत सीडीआयकडे जाणारे १२ व्होल्ट तोडले की इंजिन थांबतं. एसीत किलची वायर अर्थला टेकवली की थांबतं. आता डीसी गाडीची चावी तशीच ठेवून एसी सीडीआय लावला, तर चावी सुरू करताच किलच्या पिनवर थेट १२ व्होल्ट जातात. करंट येत नाही, आणि सीडीआय जळण्याची शक्यता दाट. ‘नवा सीडीआय लावला, तोही खराब निघाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

नवं इंजिन कोणत्या जातीचं आहे हे मल्टीमीटरनं दोन मिनिटांत कळतं. इंजिनातून येणाऱ्या वायरींत काळी-लाल पट्ट्याची वायर शोधा, मीटर २००० ओहमवर ठेवा, एक टोक त्या वायरला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. काहीशे ओहम दिसले, समजा ३०० ते ५०० च्या घरात, तर ती चार्जिंगची खास कॉइल आहे आणि हे एसी किट लागू पडेल. अशी वायरच नसेल तर इंजिन डीसीवर चालणारं आहे. किट घेण्याआधी विक्रेत्याकडून डीसीचं मागावं. त्याच वेळी निळी-पांढरी वायरही मोजून घ्यावी. ती पल्सरची. तिथे साधारण १०० ते २०० ओहम यावेत. शून्य आलं तर वायर कुठेतरी अर्थला चिकटली आहे, काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे.

वायरींचे रंग: इथे हात बसलेले मेकॅनिकही चुकतात

ही आडवी इंजिनं मुळात होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या कुळातली, म्हणून रंगही होंडाच्या रिवाजाचे. हिरवी म्हणजे अर्थ. लाल म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस. काळी-पांढरी म्हणजे किल. काळी-लाल म्हणजे मॅग्नेटोकडून सीडीआयकडे जाणारा एसी. निळी-पांढरी म्हणजे पल्सर. काळी-पिवळी सीडीआयकडून एचटी कॉइलकडे. पिवळी आणि पांढरी मॅग्नेटोकडून आरआर युनिटकडे, पिवळी-लाल सेल्फच्या बटणाकडून रिलेकडे, आणि फिकट हिरवी-लाल न्यूट्रलची.

स्प्लेंडरवर काम केलेल्या माणसाला हे रंग ओळखीचे वाटतील. बजाजवर हात बसलेल्याला मात्र इथे मोठा धोका आहे. बजाजमध्ये काळी-पिवळी ही अर्थ असते. सवयीनं ती बॉडीला लावली, तर एचटी कॉइलकडे जाणारा सगळा करंट जमिनीत जातो आणि प्लगला ठिणगीच येत नाही. दुसरी चूक काळ्या वायरची. काळी म्हणजे अर्थच, या समजुतीनं ती चासीला लावली की चावी फिरवताक्षणी फ्यूज उडतो. आणि फ्यूजच्या जागी कुणी तार बांधून ठेवली असेल तर हार्नेस धुमसतं.

किटमधले रंग या रिवाजाशी बहुतेक जुळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नये. चावीच्या स्विचचे रंग विशेष फसवे असतात. बझरवर (जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेल्या मीटरनं प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून घ्यावी. अर्धा तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

चावीच्या स्विचला चार वायरी असतात. चावी बंद असताना काळी-पांढरी आणि हिरवी यांच्यात बझर वाजला पाहिजे, लाल आणि काळी यांच्यात वाजता कामा नये. चावी सुरू केली की बरोबर उलटं. हे जुळलं नाही तर तो स्विच एसीचा नाही, परत करावा. जुळला तरी आणखी एक परीक्षा आहे: चावी सुरू ठेवून हलवत राहायची आणि बझर ऐकायचा. स्वस्त स्विचमध्ये चावी हलली की संपर्क तुटतो. खडकाळ वाटेवर अशी गाडी झटके देत बंद पडेल आणि दोष कार्ब्युरेटरवर येईल. किटमधल्या स्विचला पावसापासून बचाव करणारी रबराची टोपीही सहसा नसते. हा भाग थोडे जास्त पैसे टाकून वेगळा घेणं मला योग्य वाटतं.

चार वायरींत इंजिन चालवून बघा, मगच हार्नेस पसरा

एसी पद्धतीचा मोठा फायदा हा, की हार्नेस न लावता, बॅटरी न लावता इंजिनाला करंट आहे का हे बघता येतं. सीडीआयच्या कपलरमधून फक्त चार जोडण्या करायच्या: काळी-लाल मॅग्नेटोच्या काळ्या-लालला, निळी-पांढरी पल्सरला, काळी-पिवळी एचटी कॉइलला आणि हिरवी इंजिनाच्या बॉडीला. एचटी कॉइलचा लोखंडी गाभाही वेगळ्या वायरनं इंजिनाला जोडायचा, कारण कॉइल जमिनीवर ठेवलेली असते आणि तिला अर्थ मिळत नाही. ही जोडणी विसरली म्हणून चांगले सीडीआय बाद ठरवलेले आहेत. काळी-पांढरी किलची वायर मोकळी, टोकाला टेप लावून ठेवायची.

प्लग काढून कॅपमध्ये घालायचा, त्याचा धातू हेडला घट्ट टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. मग किक मारायची. किक नसेल तर सेल्फच्या मोटरला जंपर वायरनं बॅटरी द्यायची. निळसर, जाड, टचटच आवाज करणारी ठिणगी आली म्हणजे मॅग्नेटो, पल्सर, सीडीआय आणि एचटी कॉइल चारही ठीक. पिवळट, केसासारखी ठिणगी आली तर आधी कॅप उघडून पाहावी. किटमधली कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसते. वायरचं टोक जुनं असेल तर पाच मिलिमीटर कापून ताजं करावं. किटमधला ए७टीसी प्लग चालतो, पण एनजीकेचा सी७एचएसए टाकला तर एक शंका कमी होते. गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

ठिणगी अजिबात नाही आली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, सीडीआयचा कपलर काढून, किक मारताना काळ्या-लाल वायरवर बघा. किकच्या वेगाला दहाच्या कित्येक पटीत व्होल्ट यायला हवेत. हे करताना उघड्या टोकाला बोट लावू नये. झटका जोरदार बसतो. व्होल्टेज आहे, पल्सरही बरोबर आहे, तरी ठिणगी नाही, तर सीडीआय किंवा एचटी कॉइल. व्होल्टेजच नाही, तर मॅग्नेटो.

या चाचणीत पास झालेल्या इंजिनात किटबरोबर आलेली कॉइल प्लेट बसवायच्या भानगडीत पडू नये. ती कपाटात ठेवावी. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. हातोडीनं ठोकलं तर आतले मॅग्नेट सुटतात आणि क्रँकचे आटे बसतात. आणि दोन प्लेटींचे व्यास दिसायला सारखे असले तरी फ्लायव्हीलच्या आत घासणारी प्लेट निघू शकते. प्लेट बदलायचीच झाली, तर बाहेरच्या पल्सरची फ्लायव्हीलच्या उंचवट्यापासूनची फट पुन्हा लावावी लागते, साधारण अर्धा मिलिमीटर. फट जास्त राहिली की किकवर करंट येत नाही, गाडी ढकलून मात्र सुरू होते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

किलची वायर: इथे हयगय नको

एसी पद्धतीत किलची वायर तुटली की इंजिन चालू राहतं, चावी काढली तरी. डीसीत वायर तुटली तर गाडी बंद पडते, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. एसीत ती धोक्याच्या बाजूला होते. नागाव, काशीदसारख्या किनाऱ्यांवर एटीव्ही भाड्यानं फिरतात. त्यांच्यावर बसणाऱ्यांत पुष्कळजण पहिल्यांदाच हँडल धरणारे असतात आणि लहान मुलंही असतात. अशा गाडीत काळी-पांढरी वायर नुसती पिळून टेप लावलेली असणं मला मान्य नाही. त्या वायरवरचा प्रत्येक जोड सोल्डरचा डाग देऊन, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून करावा.

त्यासोबत दोरीचा किल स्विच लावावा. चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरी. तो पडला की टोपी निघते आणि इंजिन बंद. एसी पद्धतीसाठी असा स्विच घ्यायचा, ज्यात टोपी निघाल्यावर दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या जातात. डीसीचा स्विच नेमका उलटा असतो, विकत घेतानाच मीटरनं तपासावा. एक वायर काळ्या-पांढऱ्याला, दुसरी हिरव्याला. डाव्या हँडलवरचा किल, चावी आणि दोरी हे तिन्ही काळ्या-पांढऱ्यावर समांतर लागतात, म्हणजे तिघांपैकी कोणीही एकट्यानं इंजिन थांबवू शकतं. काम संपल्यावर इंजिन चालू करून तिन्ही एकेक करून तपासायचे, आणि चौथा उपाय म्हणून पेट्रोलचा कॉक हाताला लगेच सापडेल असा ठेवायचा.

सेल्फ, रिले आणि अर्थ

किटमधला स्टार्टर रिले कामापुरता बरा आहे. त्याच्या दोन जाड बोल्टांपैकी एकाला बॅटरीचा प्लस, दुसऱ्याला मोटर. बारीक दोन वायरींपैकी पिवळी-लाल बटणाकडून येते, दुसरी अर्थला जाते. पुष्कळ एटीव्हींत बटणाला करंट ब्रेकच्या स्विचमधून मिळतो, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. नव्या हार्नेसवर ब्रेकचा कपलर रिकामा राहिला की सेल्फ मुका. मग दोन वायरी जोडून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नये, दहा मिनिटं घालवून ब्रेकचा स्विच जोडावा. गिअरमध्ये असलेली गाडी बटण दाबताच उडी मारते.

न्यूट्रलची फिकट हिरवी-लाल वायर इंजिनाच्या आत अर्थ होते. दिव्याचं एक टोक काळ्याला, दुसरं या वायरला. जुन्या इंजिनाला रिव्हर्स होता आणि नव्याला नाही, असं असेल तर हार्नेसमधली रिव्हर्सची वायर टोकाला हीट श्रिंक लावून बांधून ठेवायची. कापून टाकायची नाही.

आता किटमधला सगळ्यात कच्चा भाग. बॅटरीच्या जाड दिसणाऱ्या वायरी वरून जाड असतात, आत तांबं थोडं. टोकाला वायर सोलून चाकूनं एक तार खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिच्यावर डाग नीट बसत नाही आणि खाऱ्या हवेत ती लवकर सडते. बॅटरी ते रिले, रिले ते मोटर आणि बॅटरी ते इंजिन या तिन्ही वायरी किमान ६ चौरस मिलिमीटरच्या, शुद्ध तांब्याच्या, दाबून बसवलेल्या लग्जसह (वायरच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या कड्यांसह) नव्या कराव्यात. मी तर १० चौरस मिलिमीटरचीच सुचवेन. लांबी जेमतेम दोन मीटर, खर्चात फार फरक पडत नाही.

अर्थची वायर चासीला लावून थांबू नये. ती थेट इंजिनाच्या बोल्टाला जावी, आणि त्या जागचा रंग खरवडून धातू चमकेपर्यंत घासावा. नवं इंजिन, नवा रंग, त्यावर बोल्ट: वरून घट्ट, आतून अर्थ नाही. तपासणी सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशावर, दुसरं इंजिनाच्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमकुवत आहे. अशी गाडी ‘टक्’ करून थांबते आणि लोक बॅटरी बदलत राहतात.

फ्यूज होल्डरचं प्लास्टिक पातळ असतं आणि आतले पट्टे सैल. झाकणाचा, पात्याच्या फ्यूजचा होल्डर आणून १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एक वीत अंतरात लावावा. तो लाल बारीक वायरवर येतो, सेल्फच्या जाड वायरवर नाही.

चार्जिंग

चार वायरींचं आरआर युनिट: पांढरी आणि पिवळी मॅग्नेटोकडून, लाल बॅटरीला, हिरवी अर्थला. नव्या इंजिनातून तीन पिवळ्या वायरी येत असतील तर तो थ्री-फेज मॅग्नेटो आहे. हे युनिट त्याला चालणार नाही. बॅटरी उलटी लागली तर आतले डायोड त्याच क्षणी जातात, म्हणून पहिल्यांदा जोडताना प्लस-मायनस दोनदा पाहावं.

आयडलवर बॅटरी १२.५ ते १३ व्होल्ट दाखवते. घाबरायचं कारण नाही, हाफ-वेव्ह चार्जिंग (एसीचा अर्धाच भाग बॅटरीला देणारं) असंच असतं. थ्रॉटल उघडून ३००० आरपीएमच्या वर नेलं की १३.५ ते १४.५ यावं. १५ च्या वर गेलं तर आधी युनिटचा हिरवा अर्थ तपासा, मग युनिट बदला. काहीच वाढलं नाही तर पांढऱ्या वायरचा कपलर तपासा. बॅटरी काढून गाडी चालवू नये. व्होल्टेज चढतं आणि दिवे उडतात. मॅग्नेटोची ताकद मर्यादित आहे, ३५ वॉटचे दोन हॅलोजन एकदम लावले तर बॅटरीला उरतं थोडंच. जादा दिवे लावायचे असतील तर कमी वॉटचे एलईडी, आणि तेही रिले आणि वेगळा फ्यूज लावून.

हार्नेस बसवताना

सीडीआय रबरावर, सायलेन्सरपासून लांब. आरआर युनिट उलट धातूवर, वारा लागेल असं, कारण ते तापतं. एचटी वायर आणि पल्सरची वायर एकत्र बांधू नये, किमान चार बोटं अंतर ठेवावं. नाहीतर वरच्या आरपीएमवर चुकीच्या वेळी करंट पडतो आणि इंजिन खोकल्यासारखं करतं. त्याच कारणासाठी रेझिस्टन्स असलेली प्लग कॅप वापरावी. हँडलच्या मानेपाशी सैल वळसा सोडून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघावं. मागचा स्विंग आर्म वर-खाली करून चेनजवळची वायर ताणत नाही ना, तेही. दर वीतभरावर टाय लावावा, पण तो इतका आवळू नये की इन्सुलेशन दबेल.

मागवण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सीडीआय एसी की डीसी, पिना किती, आणि हार्नेस पुढच्या कपलरपासून मागच्या दिव्यापर्यंत किती लांब. लहान मुलांच्या एटीव्हीसाठी बनवलेलं हार्नेस मोठ्या चासीवर एक-दीड फूट कमी पडतं. इंजिनाच्या बाजूच्या कपलरचा फोटोही मागावा. पुण्यात नाना पेठेत सुटे कपलर आणि लग्ज मिळतात. मीटर आणि हीट श्रिंकसाठी बुधवार पेठेतली पासोड्या विठोबाजवळची दुकानं, मुंबईत लॅमिंग्टन रोड. किट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे सामान आधीच आणून ठेवलेलं बरं.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी एक काम वेगळं आहे. किटमधले कपलर वॉटरप्रूफ नसतात. प्रत्येक कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस भरून तोंड खाली राहील असा बांधावा, म्हणजे पाणी साचत नाही. दिवस संपल्यावर गाडी गोड्या पाण्यानं धुवावी, पण कपलरवर प्रेशरची धार मारू नये. पावसाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा बॅटरी काढून ठेवावी आणि हंगाम सुरू होण्याआधी सीडीआय, मॅग्नेटो आणि चावी हे तीन कपलर उघडून पाहावेत. पिनांवर हिरवट पूड दिसली की फक्त पिन घासून भागत नाही. खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून चढत जातं. वायर कापली आणि तांबं काळं दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं, आणि तिथून नवा तुकडा जोडावा. काळ्या पडलेल्या तांब्यावर डाग धरत नाही.